आरएक्सची किक परत मऊ! वर्षभरात तिसऱ्यांदा रिंगा टाकू का?

चोपडा_टू_टी
राम राम मंडळी. काम पडलं की मगच इथे उगवतो असं कोणी म्हणायच्या आत मीच कबूल करतो.

गाडी यामाहा आरएक्स १००, टू स्ट्रोक, मॉडेल ९४. रस्त्यावर फार नाही, मातीसाठीच बनवलीय. बटण टायर, वर उचललेला मडगार्ड, मागचं दातेरी चक्कर मोठं, मूळ फिल्टर बॉक्स काढून फोमचा फिल्टर. तापीकाठच्या वाटा, शेतांमधले बांध, आणि पीक निघालं की आमच्याच शेतात ट्रॅक आखून चार पोरं मिळून फिरवतो. रेसबिस काही नाही, हौस.

मागच्या मे महिन्यात किक मऊ झाली, म्हणजे कॉम्प्रेशन गेलं, तर मेकॅनिकने फक्त पिस्टनच्या रिंगा टाकल्या. दोन महिनेही चालल्या नाहीत. मग सप्टेंबरात ब्लॉक म्हणजे सिलिंडर बोअरिंगला दिला, ५०.२५ मिमीचा नवीन पिस्टन, नवीन रिंगा, नवीन गजन पिन. डिसेंबरपर्यंत गाडी अशी पळायची की विचारू नका. आणि आता मार्चमध्ये परत तेच. सकाळी थंड असताना दोन किकमध्ये सुरू होते, गरम झाली की किक हाताने दाबली तरी खाली जाते आणि पंधरा-वीस किका मारल्यावर कशीबशी उठते. वरचा पिकअप गेला. धूर थोडा जास्त वाटतो. मेकॅनिक म्हणतो रिंगा टाकून बघू.

टाकून बघू हे तिसऱ्यांदा ऐकतोय. काय करू?

भरीत_आणि_भाकरी
किक मऊ झाली तर चांगलंच की. गुडघा वाचला.

धुळेकर_पांझरा
ऑइल कोणतं आणि किती टाकतो ते आधी सांग. ऑइल पंप चालू आहे का काढून टाकीत मिक्स करतोस? आमच्याकडे निम्म्या लोकांनी पंप काढून टाकलेत आणि मग टाकीत अंदाजे टोपणभर ओततात. टोपण कोणत्या बाटलीचं ते देवाला माहीत.

चोपडा_टू_टी
पंप काढलाय. लिटरला ३० मिली, इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून टाकतो. डब्यावर जासो एफडी, म्हणजे टू टी ऑइलचा दर्जा, लिहिलंय. अंदाजे नाही भाऊ, मी फार्मसी केलीय :)

धुळेकर_पांझरा
मग ऑइल नाही. ३० मिली म्हणजे साधारण ३३ ला १. पुरेसं आहे.

जंक्शनवाला
मी स्पष्टच लिहितो, राग मानू नका. आज बाजारात आरएक्सच्या नावाने जे पिस्टन किट मिळतं त्यातलं निम्मं डुप्लिकेट. खोका तोच, होलोग्राम तोच, आत भंगार. आमच्या भुसावळात एकाने टाकलेल्या रिंगा मी स्वतः बघितल्या, हातात धरून जरा ताणल्या तर खळकन तुटायच्या ऐवजी वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. रिंग वाकून राहते? रिंगेला स्प्रिंग पाहिजे. तुझ्याही तशाच असणार. ओरिजिनल माल शोध, महाग पडला तरी घे, धागा बंद.

खान्देशी_वाघूर
तुनी गाडीमा रिंगा नही भो, बांगड्या शेतस.

अप्पा_अमळनेर
मुलांनो, मी येझदी चालवली, राजदूत चालवली, रिंगा बदलण्यात उभी हयात गेली. एक साधी परीक्षा सांगतो. गाडी स्टँडवर लाव, प्लग घट्ट, चावी बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. किक जिथे अडते तिथे तिच्यावर सावकाश उभा राहा. उडी मारायची नाही, नुसतं वजन टाकायचं. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर किक क्षणभर तुला तोलून धरते आणि मग हळूहळू बसते. तशीच धपकन खाली गेली तर आत गळती आहे. हे थंड असताना एकदा आणि गरम असताना एकदा कर. मीटर-बीटर काही लागत नाही.

धुळेकर_पांझरा
अप्पा, तुमचं वजन किती आणि चोपड्याच्या भाऊचं किती, त्यावर निकाल बदलेल ना :) कॉम्प्रेशन गेज लावलेलं बरं.

अप्पा_अमळनेर
माझं वजन ५८ किलो. ४० वर्षं तेवढंच आहे. म्हणूनच मी प्रमाणित गेज आहे.

गॅरेजची_पोर
अप्पांची परीक्षा चुकीची नाही, बाबाही तेच करतात. पण तिने फक्त गळती आहे एवढं कळतं, कुठून आहे ते नाही. हेडच्या पॅकिंगमधून गेली तरी किक मऊच लागणार, प्लगचे आटे गेले असतील तरी मऊच.

आणि गेजबद्दल एक. १०० सीसीला कारचं लांब पाइपवालं गेज लावू नका. पिस्टनच्या वर जागा एवढीशी, त्यात पाइपमधली हवा भरायलाच किक खर्ची पडते आणि आकडा कमी येतो. ज्या गेजचा व्हॉल्व्ह अगदी प्लगच्या टोकाला असतो तेच खरं बोलतं. तरीसुद्धा दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नये, आपल्याच गाडीचा नवीन असतानाचा आकडा लिहून ठेवायचा आणि त्याच्याशी ताडून बघायचं. कोणी लिहीत नाही हा भाग वेगळा.

चोपड्याच्या दादा, तुमच्या पोस्टमध्ये मला एक गोष्ट खटकली. पहिल्यांदा मे महिन्यात गेली. सप्टेंबरात बोअरिंग केलं, डिसेंबरपर्यंत झकास. मग गहू-हरभरा निघाला, रान मोकळं झालं, आणि गाडी बसली. रिंगा ऋतू बघून झिजतात का?

रिंगा विकत घेऊ नका. ब्लॉक उतरवा आणि पिस्टन धुऊ नका. हे महत्त्वाचं. लोक आधी पेट्रोलने पिस्टन चकाचक करतात आणि मग विचारतात काय झालं म्हणून. काळं, तांबूस, ओरखडे, जे काय आहे ते तसंच ठेवून चारही बाजूंनी फोटो टाका. डोक्यावरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला असतो, म्हणजे कोणती बाजू कोणती ते कळेल.

भरीत_आणि_भाकरी
पंचनामा होईपर्यंत प्रेत हलवू नये.

रावेर_केळी
थांबा, धूर जास्त आहे म्हणाला ना? माझ्या गाडीला असंच झालं होतं आणि मी वर्षभर रिंगांच्या मागे लागलो होतो. शेवटी निघालं क्रँकचं क्लच बाजूचं ऑइल सील. ते फाटलं की क्रँककेस, म्हणजे इंजिनचा खालचा कप्पा, गियरबॉक्समधलं ऑइल ओढून घेते आणि जाळते. टू स्ट्रोकमध्ये धूर असतोच, त्यामुळे चार स्ट्रोकसारखं धूर म्हणजे रिंग असं धरता येत नाही. गियर ऑइल मोजून टाक आणि महिनाभराने मोजून काढ. माझं पाऊण लिटरच्या आसपास टाकलेलं निम्मंच निघालं, खाली एक थेंबही गळलेला नाही. केळीच्या बागेत मच्छर मारायला वेगळं मशीन नको होतं मला.

आणि मॅग्नेट बाजूचं सील गेलं तर उलटं, तिथून कोरडी हवा ओढते. आयडल आपोआप वाढतं, गॅस सोडला तरी इंजिन खाली यायला वेळ घेतं, आणि एक दिवस पिस्टन धरतो.

चोपडा_टू_टी
रविवारी उतरवला ब्लॉक. फोटो टाकलेत, दिसतायत का? लिहितो पण, कारण मोबाईलचा कॅमेरा पडल्यापासून धूसर आहे.

पिस्टनचं डोकं: सगळीकडे तपकिरी-काळं, ट्रान्सफर पोर्टसमोर (ब्लॉकमधली मिक्स्चर आत यायची भोकं) दोन जागी धुतल्यासारखं स्वच्छ. खड्डे नाहीत, कड खाल्लेली नाही.
सायलेन्सरची बाजू: जवळपास ठीक. रिंगांच्या खाली तांबूस-काळा डाग बऱ्यापैकी खाली उतरलाय.
कार्बोरेटरची बाजू: इथे स्कर्ट, म्हणजे पिस्टनचा खालचा भाग, चकचकीत राहिलेला नाही, मॅट झालाय. बारीक बारीक उभ्या रेघा, जणू बारीक पॉलिश पेपर फिरवलाय. नखाला लागत नाहीत पण दिसतात. मशिनिंगच्या आडव्या रेघा त्या भागात पुसल्या गेल्यात.
ब्लॉक: पकडल्याच्या खुणा नाहीत, ॲल्युमिनियम चिकटलेलं नाही.
रिंगा खाचेत मोकळ्या आहेत, अडकलेल्या नाहीत. रिंगा अडवणाऱ्या दोन्ही पिना जागेवर आहेत.

जंक्शनवाला
बघा, मी म्हटलं नव्हतं? हलका माल. पिस्टनच मऊ धातूचा.

गॅरेजची_पोर
मऊ धातूचा असता तर चारही बाजूंनी झिजला असता ना दादा. एकाच बाजूने का?

मी बाबांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पण लावला नाही, माती म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

आता त्यांनी नंतर जे समजावलं ते लिहिते. गाडी धरते तेव्हा खुणा कशा पडतात त्यावरून कारण कळतं. थंड इंजिन सुरू केल्या केल्या जोरात पिळलं तर पिस्टन सिलिंडरच्या आधी फुगतो आणि चार कोपऱ्यांवर चार जागी घासतो. पेट्रोल कमी पडून मिक्स्चर कोरडं झालं किंवा कुठून जास्तीची हवा ओढली तर सहसा सायलेन्सरच्या बाजूला धरतो, तिथे सगळ्यात गरम. टायमिंग पुढे गेलं, प्लग चुकीचा, पेट्रोल हलकं, तर डोक्याच्या कडेला वाळू मारल्यासारखे बारीक खड्डे पडतात आणि वाढत गेलं तर भोक. तुमच्याकडे यातलं एकही नाही. तुमच्याकडे कार्बोरेटरच्या बाजूचा स्कर्ट मॅट झालाय, म्हणजे जे काय आत येतंय ते पेट्रोलबरोबर त्याच दारातून येतंय. फुफाटा.

रिंग ब्लॉकमध्ये घालून तिच्या दोन टोकांमधली गॅप मोजा. वर आणि खाली दोन्हीकडे. फिलर गेज नसेल तर जवळच्या लेथवाल्याकडे असतं.

केटीएम_पुणे_मूळ_पारोळा
मध्येच बोलतो. आमच्याकडच्या खऱ्या डर्ट बाइकमध्ये पिस्टन हा खर्चाचाच भाग धरतात, तासाचं मीटर लावलेलं असतं, ठरलेले तास झाले की पिस्टन-रिंग बदलायची, मोडायची वाट बघायची नाही. आणि ब्लॉक लोखंडी लायनरचा नसतो, ॲल्युमिनियमवर निकासिलचा पातळ थर असतो. तो बोअर करून पुढच्या साइजचा पिस्टन घालायची सोय नाही, थर गेला की परत प्लेटिंग. तुम्ही आरएक्सवाले नशीबवान, ५०.२५, ५०.५०, ५०.७५, ५१, चार वेळा चुका करायची मुभा.

पण मातीची गोष्ट सेम. मी पहिल्या वर्षी फोम फिल्टर धुऊन कोरडाच बसवत होतो. कोरड्या फोमची भोकं बारीक धुळीला दरवाजासारखी मोठी असतात. त्याला चिकट फिल्टर ऑइल लावावं लागतं, मगच धूळ अडकते.

चोपडा_टू_टी
मी लावतो ऑइल. गियरचं जाड ऑइल लावून पिळून बसवतो, दर दोन रविवारी धुतो. म्हणून तर मी मातीचा विचारच केला नव्हता.

गॅप मोजली. रिंग पिस्टनने ढकलून सरळ बसवली.
वर, पोर्टच्या वरच्या भागात: ०.६० मिमी
अगदी खाली, जिथे रिंग पोहोचतच नाही: ०.४५
सप्टेंबरात मेकॅनिकसमोर मी स्वतः मोजली होती तेव्हा ०.२० होती.

धुळेकर_पांझरा
मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे आता मला आवरणं कठीण आहे.

गॅप हा परिघातला फरक आहे, व्यासातला नाही. व्यास ०.१ ने वाढला तर परीघ ०.३१ ने वाढतो. वर आणि खाली यात फरक ०.१५, भागिले ३.१४, म्हणजे ब्लॉक वरच्या बाजूला साधारण ०.०५ मिमी जास्त झिजलाय. खाली ब्लॉक जवळजवळ न झिजलेला धरला तरी तिथे ०.२० ची ०.४५ झाली, ती वाढ रिंगेची. म्हणजे रिंग स्वतः झिजलीय आणि ब्लॉक पण, दोघंही, सहा महिन्यांत. ढोबळ नियम असा की बोअरच्या दर २५ मिमीला ०.१ गॅप, म्हणजे ५० ला ०.२. तू तिप्पट आहेस.

थंड असताना सुरू होते आणि गरम झाल्यावर नाही, त्याचंही उत्तर यातच. थंड असताना ऑइल घट्ट, फट झाकते. गरम झालं की पातळ होतं, झाकायला काही राहत नाही.

भरीत_आणि_भाकरी
सर, हे परीक्षेला येईल का?

जंक्शनवाला
सर, हिशेब मान्य. पण रिंग लवकर झिजली म्हणजे रिंग हलकी, हेही यातून निघतंच की.

धुळेकर_पांझरा
निघू शकतं. नाही म्हणत नाही. पण मग ब्लॉकचे ०.०५ कोणी खाल्ले?

यावल_रोड
मला वाटतं आपल्याकडचा उन्हाळाच कारण. जळगावला ४५ च्या वर पारा जातो, त्यात मिक्स्चर कोरडं होऊन इंजिन जळतं. मी एप्रिल लागला की कार्बोरेटरमधला पेट्रोलचा मेन जेट एक नंबर मोठा टाकतो.

केटीएम_पुणे_मूळ_पारोळा
उलटं आहे भाऊ. गरम हवा विरळ असते, त्याच जेटला उन्हाळ्यात मिक्स्चर थोडं जास्त श्रीमंत होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त, कोरडं नाही. मोठा जेट लागतो तो डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, जेव्हा आपल्याकडे पारा एक आकड्यावर येतो आणि हवा दाट होते. उन्हाळ्यात त्रास होतो तो थंड व्हायला वारा पुरत नाही म्हणून.

यावल_रोड
म्हणजे मी आठ वर्षं उलटं करतोय?

रावेर_केळी
गाडी चालतेय ना? मग बोलू नको कोणाला.

अप्पा_अमळनेर
इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून मात्र थोडं कोरडं होतं हे खरं. त्यात ऑक्सिजन आधीच असतो. आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीतलं पेट्रोल पाणी धरतं. मी उभी करायची असली की कार्बोरेटर कोरडा करतो. आमच्या वेळी पेट्रोल पंपावर मिक्स करून द्यायचे, हँडल फिरवलं की निळसर तेल यायचं. येझदीचे दोन्ही सायलेन्सर वर्षातून एकदा काढून आत साठलेला कोळसा जाळायचो, अख्ख्या गल्लीत धूर, शेजारीण भांडायला यायची. तीच पुढे आमची सौभाग्यवती.

गॅरेजची_पोर
अप्पा :)))))

विषयावर या. दादा फिल्टर धुतात, ऑइल लावतात, तरी माती आत जातेय. म्हणजे एकतर फिल्टरच्या नंतर कुठेतरी रस्ता आहे, नाहीतर क्रँकच्या सीलमधून. सील आधी तपासून टाका म्हणजे एक शंका मिटेल.

कंपाउंडर_शिरपूर
सीलसाठी आमच्या क्षेत्रातली एक युक्ती. जुनं बीपीचं मशीन घ्या, घड्याळाच्या काट्यासारखं असतं ते. दंडाची पट्टी काढून टाका, रबरी फुगा आणि डायल ठेवा. सायलेन्सरचं तोंड सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पट्टी दाबून बंद करा, कार्बोरेटरच्या जागी रबरी बूच, प्लगच्या जागी नळी जोडायची सोय करा. पिस्टन खाली ठेवा म्हणजे पोर्ट उघडे राहतील. मग हळूहळू हवा भरा. टू स्ट्रोकची गळती ६ पीएसआयला बघतात, म्हणजे ३०० मिमीच्या आसपास, बीपीच्या डायलचा नेमका शेवट. मिनिटाला १ पीएसआय, म्हणजे ५० मिमी, यापेक्षा जास्त उतरलं तर गळती. साबणाचं पाणी सगळीकडे लावा, बुडबुडा येईल तिथे चोर. ६ च्या वर दाबू नका, चांगलं सील पण उचकटेल.

मी हे माझ्या शोगनवर केलं होतं. डॉक्टरांनी विचारलं मशीन कुठंय, म्हटलं पेशंटला लावलंय.

भरीत_आणि_भाकरी
पेशंटचं प्रेशर ३०० आणि तरी जिवंत. कमाल आहे.

चोपडा_टू_टी
केलं. मावशीचं जुनं बीपी मशीन घेतलं, ब्लॉक तात्पुरता चढवला. २९० ला भरलं, तीन मिनिटांत २६० ला आलं, तेही मला वाटतं माझ्या बुचाच्या कडेने. क्रँकच्या दोन्ही बाजूंना, ब्लॉकच्या पायाला, हेडला एक बुडबुडा नाही. कनेक्टिंग रॉड वर-खाली अजिबात हलत नाही, बाजूला थोडा हलतो तेवढा चालतो म्हणतात. गियर ऑइल पण पूर्ण निघालं, रावेरच्या भाऊंची शंका मिटली.

आता फिल्टरच्या नंतरचा रस्ता. पण रबरी पाइप तर बाहेरून नवाकोरा दिसतोय, क्लिपा घट्ट.

गॅरेजची_पोर
बाहेरून बघू नका. एक करा. ब्लॉक नाहीतरी बोअरिंगला जाईलच, त्याआधी जुनाच पिस्टन घालून एकदा फिरवून आणा. फिल्टर आणि कार्बोरेटरच्या मधल्या रबरी पाइपच्या आतून बोटाने पांढऱ्या ग्रीसचा पातळ थर लावा. सगळीकडे. मग तुमच्या त्याच शेतात, दुसऱ्याच्या मागे मागे, फुफाट्यातून अर्धा तास. परत आल्यावर फिल्टर काढा आणि ग्रीसवरून बोट फिरवा. बोट गुळगुळीत फिरलं तर मी इथे जाहीर माफी मागेन आणि जंक्शनवाल्या दादांच्या रिंगा घ्या.

जंक्शनवाला
वाट बघतोय.

खान्देशी_वाघूर
मी बी. जो हारी तो शेव-भाजी देई.

चोपडा_टू_टी
आत्ताच हात धुऊन लिहितोय.

काल संध्याकाळी चुलत भाऊ पुढे, मी मागे, मुद्दाम त्याच्या धुळीत. घरी येईपर्यंत भुवया पांढऱ्या. अंगणात बल्ब लावून फिल्टर काढला. फिल्टरची आतली बाजू स्वच्छ, ऑइलने ओली, धुळीचा कण नाही. मनात म्हटलं गेली ताईंची शेव-भाजी. पाइपमध्ये बोट घातलं, वरच्या बाजूने फिरवलं, गुळगुळीत. डावी-उजवी गुळगुळीत. खालच्या बाजूला कार्बोरेटरच्या तोंडापासून दोन बोटं अलीकडे आलो आणि कचकच. दाताखाली भाकरीत खडा यावा तशी. बोट बाहेर काढलं तर पांढरं ग्रीस तिथे करडं झालेलं, बल्बखाली धरलं तर चमचम करतंय.

पाइप काढून उलटा केला, वाकवला. खालच्या घडीत एक चीर आहे, माझ्या अर्ध्या करंगळीएवढी. सरळ धरला तर ओठ मिटल्यासारखी बंद, बाहेरून केस म्हणूनही दिसत नाही. कार्बोरेटरकडून जरा ओढला की तोंड उघडते. म्हणजे गाडी खड्ड्यात आदळली, कार्बोरेटर हलला, की दर वेळी एक चमचा शेत आत. पावसाळ्यानंतर जमीन ओली होती तोवर काही नाही, जानेवारीपासून नुसता फुफाटा. मेमध्ये पण हेच असणार. फिल्टर बदलला तेव्हा कुठून तरी जुनाच पाइप आणून लावला होता, त्यानंतरचीच सगळी भानगड.

ताई, तुमच्या वडिलांना साष्टांग.

गॅरेजची_पोर
बाबा म्हणाले साष्टांग नको, क्रँकच्या बेअरिंगचा आवाज ऐकत जा आता. एवढी माती वर गेली ती आधी खालूनच गेलीय. बोअरिंगला ब्लॉक देण्यापूर्वी क्रँककेस पेट्रोल आणि टू टी ऑइल मिसळून दोन-तीनदा धुऊन, उलटी करून काढा. नाहीतर उरलेली माती नवीन पिस्टन खाईल.

धुळेकर_पांझरा
०.०५ चा चोर सापडला. आता ५०.५० ला बोअर करणार ना? नुसत्या रिंगा नको, ब्लॉक वर रुंद आणि खाली अरुंद झालाय, नवीन रिंग दर फेरीला उघड-मीट करत राहील. मेमध्ये तुझं तेच झालं असणार.

रावेर_केळी
बोअरिंगवाल्याला आधी पिस्टन नेऊन दे. पिस्टन हातात घेतल्याशिवाय बोअर करणारा लेथवाला दिसला तर ब्लॉक उचल आणि चालू लाग. पिस्टन मोजायचा स्कर्टच्या खालच्या कडेजवळ, पिनेच्या काटकोनात. डोक्यापाशी मोजून उपयोग नाही, तो मुद्दाम निमुळता असतो.

आणि बोअर झाल्यावर पोर्टच्या कडांना चॅम्फर मारलाय का, म्हणजे धार उतरवलीय का, ते बोटाने बघ. धारदार कड राहिली तर रिंग तिथे अडकते आणि तुकडे होतात. माझ्या भावाच्या गाडीचा तुकडा पोर्टमधून सायलेन्सरमध्ये गेला होता, दोन दिवस खुळखुळा वाजत होता.

अप्पा_अमळनेर
गजन पिन अडवणारी सर्क्लिप नवीनच घाल, जुनी परत नाही, एकदा काढली की तिचा जीव जातो. घालताना क्रँककेसच्या तोंडावर फडका दाब. मी एकदा नव्हता दाबला. एवढीशी सर्क्लिप टिचकन उडाली आणि आत पडली, लोहचुंबकाने शोधायला अख्खी दुपार गेली. रिंगेच्या टोकाजवळ अक्षर कोरलेलं असेल ते वर. आणि टोकं पिनेवर बसलीत का ते ब्लॉक सरकवताना नखाने चाचपून बघ, जोर लावायचा नाही, अडलं तर थांबायचं.

चोपडा_टू_टी
सगळं लिहून घेतलंय. पाइप नवीन आणलाय, आणला तेव्हा दुकानातच वाकवून बघितला, दुकानदार म्हणाला साडी घेताय का.

जंक्शनवाला
चीर होती हे मान्य. शेव-भाजी देईन, भुसावळला या, स्टेशनवरच भेटू. पण रिंगा हलक्या नव्हत्या हे सिद्ध झालेलं नाही. चांगली रिंग असती तर मातीतही आणखी दोन महिने टिकली असती.

धुळेकर_पांझरा
हे मात्र मोजता येणार नाही, त्यामुळे तुम्ही कायम जिंकलात.

चोपडा_टू_टी
दोन आठवड्यांनी अपडेट. ५०.५० बसवला, गॅप ०.२० आणि दुसऱ्या रिंगेला ०.२२. पहिले काही दिवस पूर्ण पिळली नाही, गरम कर, थांबव, पूर्ण थंड होऊ दे, परत. काल गरम असतानाच बंद करून लगेच किक मारली, एकात. चुलत भाऊ किकवर उभा राहिला, अप्पांच्या पद्धतीने, तर किकने त्याला धरून ठेवलं. तो ७४ किलोचा आहे.

अप्पा_अमळनेर
तो प्रमाणित नाही.

कंपाउंडर_शिरपूर
मावशीचं मशीन परत दिलं का?

चोपडा_टू_टी
दिलं. आता ते सगळ्यांचं बीपी १५० च्या वर दाखवतंय. कोणाला सांगू नका.

यावल_रोड
धागा वाचून मी पण काल माझ्या पाइपमध्ये ग्रीस लावून फिरवून आलो, सहज, टाइमपास म्हणून.

५०.५० चा पिस्टन कुठे मिळाला तो पत्ता जरा मेसेज करा.